खाल्लेले अंगी लागेना : अस्तराचे शेततळे, सरकीची पेंड आणि पोट नसलेला मासा

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याकडे कापूस आणि केळी करणाऱ्या एका शेतकऱ्याच्या शेततळ्यावर ऑक्टोबरअखेरीस जाण्याचा प्रसंग आला. गाव त्यांना नाना म्हणते, म्हणून येथेही तेच म्हणतो. तळे नेहमीच्या मापाचे, म्हणजे ३० मीटर लांब, तितकेच रुंद आणि ३ मीटर खोल असून, तळापासून बांधापर्यंत त्याला ५०० मायक्रॉनचे प्लास्टिकचे अस्तर होते. जुलैत त्यांनी रोहू, कटला आणि मृगळ यांची मिळून ९०० बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली होती आणि त्यांत निम्म्याहून अधिक रोहू होता. पहिले दोन महिने बाजारातले तरंगते खाद्य दिले. सप्टेंबरच्या मध्यावर त्याचा खर्च डोईजड वाटू लागल्याने ते बंद करून घरचे मिश्रण सुरू केले. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत काय झाले, हे नानांनी अहिराणीतल्या एका वाक्यात सांगितले : "मासा खातस भलता, पन आंगले लागत नही."

तक्रार नेमकी होती. घरच्या मिश्रणात निम्मी सरकीची पेंड, पाचवा हिस्सा मक्याचा भरडा, तितकाच घरच्या सोयाबीनचा भरडा आणि उरलेला दहावा भाग दालमिलमधील तुरीची चुनी, असे प्रमाण होते. हे प्रमाण त्यांनी मनाने बसवलेले नव्हते. प्रत्येक मालात किती प्रथिने असतात ते विचारून, वहीत गुणाकार करून, एकूण प्रथिने २२ टक्के येतात असे त्यांनी काढले होते आणि तो हिशेब बरोबर होता. गोठ्यात दोन म्हशी असल्याने सरकीची पेंड घरात कायमच असते. म्हशीला जे मानवते ते माशाला का मानवू नये, हा त्यांचा प्रश्न वरवर भाबडा वाटला, तरी या सबंध प्रकरणाचे उत्तर त्यातच दडलेले होते.

आधी वजनांचे पाहू. फेकजाळ्याने काढलेल्या ३० माशांची सरासरी सप्टेंबरच्या मध्यावर ९५ ग्रॅम होती आणि ऑक्टोबरअखेर ती ११९ ग्रॅम भरली. मेलेले मोजून वजा जाता तळ्यात ८५० मासे धरले, तर बेचाळीस दिवसांत एकूण वाढ २० किलोच्या आसपास होते. याच काळात दिवसाला ३ किलोप्रमाणे १२६ किलो मिश्रण पाण्यात गेले होते, म्हणजे किलोभर मास वाढायला सहा किलोंहून जास्त खाद्य लागले. त्याआधीच्या दोन महिन्यांत हाच हिशेब १०५ किलो तरंगत्या खाद्याला सुमारे ६४ किलो वाढ, म्हणजे पावणेदोन किलोंच्याही आत बसत होता. घरचे मिश्रण किलोमागे निम्म्या भावात पडत असले, तरी ते जवळजवळ चौपट लागत होते. खाद्याचा भाव खाद्याच्या किलोवर न काढता माशाच्या किलोवर काढावा, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण वहीत तो रकाना क्वचितच आखलेला आढळतो. नानांच्या वहीतही तो नव्हता.

वाढ खुंटण्याची नेहमीची कारणे एकेक करून बाजूला केली. थंडी अजून पडली नव्हती आणि दिवसा पाणी २७ ते २९ अंशांवर होते. कल्ले आणि पंखांची मुळे तपासली, तेव्हा माशांच्या उवा किंवा जखमा दिसल्या नाहीत. दर चौरस मीटरला एक मासा ही दाटी काही जास्त नव्हती. एकच गोष्ट खटकली, ती पाण्याचा रंग. पाणी दाट हिरवे झाले होते आणि पहाटे सहाला त्यातला विरघळलेला प्राणवायू लिटरला ३ मिलिग्रॅमच्याही खाली आला होता. रोहू-कटलासारख्या कार्प माशांना तो ५ च्या वर असलेला बरा. पहाटे प्राणवायूने ओढगस्त झालेला मासा सकाळच्या खाद्याला नीट येत नाही आणि आला तरी त्याचे पचन मंदावते. मात्र हिरवेपणा मूळ कारण होता की परिणाम, हे त्या सकाळी सांगता येत नव्हते.

टबातले निरीक्षण

पचनाचे शास्त्रोक्त मोजमाप करायचे झाल्यास खाद्यात क्रोमिक ऑक्साइडसारखा न पचणारा मागोवक मिसळतात, विष्ठा गोळा करतात आणि खाद्यातील व विष्ठेतील मागोवकाच्या प्रमाणावरून किती भाग शोषला गेला ते काढतात. बांधावर यातले काहीच शक्य नव्हते. तरीही माशाने काय पचवले नाही, हे डोळ्यांनी पाहता येते. सकाळचे खाद्य दिल्यानंतर तीन तासांनी सहा रोहू पकडून स्वच्छ पाण्याच्या टबात ठेवले. तासाभरात तळाशी विष्ठेचे धागे साचले. ते मलमलच्या फडक्यावर घेऊन नळाखाली हळूच धुतले, तेव्हा सरकीच्या काळ्या टरफलांचे तुकडे, त्यांना चिकटलेली पांढरी तुसासारखी लव आणि मक्याचे फिकट पिवळे कण जसेच्या तसे फडक्यावर राहिले. चांगल्या खाद्यावरच्या रोहूची विष्ठा मऊ असते आणि बोटाने दाबली की विरते. ही मात्र लवेने एकत्र बांधलेली होती आणि ओढली तरी तुटत नव्हती.

त्याच दिवशी मालकांच्या संमतीने दोन मासे चिरले. पोट तट्ट फुगलेले, पण पाठ बारीक. आतडे शेवटपर्यंत गच्च भरलेले, मागच्या भागात पिवळसर बुळबुळ, आणि यकृत नेहमीच्या तांबूस रंगाऐवजी फिकट. दोन माशांवरून रोगनिदान होत नाही. पण उपाशी असलेला मासा असा दिसत नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

तिसरे निरीक्षण नानांच्या वाक्याच्या पूर्वार्धावर शंका घेणारे होते. कडांना दोरी बांधून एक मोठी चाळण पाण्यात सोडली, तिच्यात मिश्रणाची एक ओंजळ टाकली आणि दोन तासांनी वर ओढली. मका आणि सोयाचे कण संपले होते. टरफल आणि लव मात्र बरीचशी तशीच पडून होती, आणि पीठ तर पाण्यात केव्हाच विरघळून गेले होते. अर्थात मासे "भलते" खात नव्हते. ते निवडून खात होते, आणि उरलेले अस्तरावर साचून कुजत होते. सहा किलोंच्या त्या आकड्यात न पचलेल्या खाद्याबरोबर न खाल्लेले खाद्यही धरले गेले होते. हा भेद केला नाही, तर सगळा दोष पचनावर ढकलला जातो.

म्हैस आणि रोहू

म्हशीच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्मजीव असतात. ते टरफलाचा तंतुमय भाग आंबवून त्यातून ऊर्जा काढतात, हलक्या प्रतीच्या प्रथिनातूनही स्वतःचे प्रथिन बांधतात आणि तेच पुढे म्हशीला पचायला मिळते. सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे, विषारी रंगद्रव्य असते, तेही बऱ्याच अंशी याच कोठीपोटात बांधले जाऊन निरुपद्रवी होते. कोठीपोट तयार न झालेल्या लहान वासराला सरकी देऊ नये, असे जुनी माणसे सांगत, त्याचे कारणही हेच.

रोहू, कटला, मृगळ हे सारे कार्प कुळातले मासे आहेत आणि या कुळाला कोठीपोट तर नाहीच, साधे जठरही नाही. घशातील दातांनी भरडलेले अन्न अन्ननलिकेतून सरळ आतड्यात उतरते. तेथे आम्ल नाही, जठरात प्रथिने तोडणारे पेप्सिन हे विकर नाही. रोहूचे आतडे शरीराच्या कितीतरी पट लांब असते, त्यामुळे वनस्पतिज अन्न, विशेषतः शिजवलेला स्टार्च, त्याला चांगला पचतो. प्रथिनांच्या बाबतीत मात्र त्याची सारी भिस्त ट्रिप्सिन आणि त्याच्या जोडीच्या विकरांवर असते. माणसात किंवा डुकरात प्रथिने तोडण्याचे काम जठरातच सुरू झालेले असते. रोहूच्या बाबतीत ट्रिप्सिन अडले की त्याची जागा घ्यायला मागे कोणी नसते.

हे लक्षात घेऊन नानांचे मिश्रण पुन्हा वाचले, की चार अडचणी एकावर एक बसलेल्या दिसतात. पहिली कच्च्या सोयाबीनची, कारण त्यातील ट्रिप्सिनरोधक घटक नेमक्या त्या मुख्य विकरालाच धरून ठेवतात. ओल्या उष्णतेने ते नष्ट होतात, पण नुसते दळून होत नाहीत. दुसरी अडचण तंतूची. आपल्याकडची घाण्यावरची सरकीची पेंड बहुधा टरफलासकट असते आणि तिच्यात पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक निव्वळ तंतू असतो. मिश्रणात निम्मी पेंड घातली की माशाच्या खाद्यात एकूण तंतू १० टक्क्यांच्या पुढे जातो. तो अन्नाला आतड्यातून लवकर पुढे ढकलतो आणि विकरांना काम करायला पुरेसा वेळ मिळू देत नाही.

तिसरी अडचण वहीतल्या गुणाकाराची. प्रथिने २२ टक्के होती हे खरे, पण माशाच्या शरीराला प्रथिने नव्हे, त्यांतील अमिनो आम्ले लागतात. त्यांतले लायसिन वनस्पतिज मिश्रणात सर्वांत आधी कमी पडते. सायप्रिनस या कार्पसाठी प्रथिनांच्या ५.७ टक्के लायसिन लागते असे मानले जाते. सरकीच्या प्रथिनात ते साधारण ४ टक्के आणि मक्यात ३ च्या आसपास असते. सोया आणि चुनीमुळे सरासरी थोडी वर जाते, तरीही नानांच्या मिश्रणात ती कागदावरसुद्धा ५ टक्क्यांच्या आतच राहत होती. पुन्हा घाण्याच्या उष्णतेत गॉसिपॉल लायसिनलाच जोडले जाते. गॉसिपॉल असे बांधले गेले की विषबाधेचा धोका घटतो, पण तितके लायसिनही माशाच्या हातचे जाते. म्हणून पेंडीच्या गोणीवरचा प्रथिनांचा आकडा आणि माशाला त्यातून जे मिळते, यांत मोठे अंतर पडते.

चौथी अडचण स्फुरदाची (फॉस्फरसची), आणि माझ्या मते या तळ्यात तिचाच सर्वाधिक विचार व्हायला हवा होता. दाणे आणि पेंडी यांतील सुमारे दोन तृतीयांश स्फुरद फायटिक आम्लाच्या रूपात असते आणि ते सोडवणारे विकर माशाकडे नसल्यातच जमा असते. ही उणीव भरून काढण्यासाठी नानांनी गुरांचे खनिज मिश्रण घातले होते. त्यात डायकॅल्शियम फॉस्फेट होते, ते विरघळायला आम्ल लागते, आणि आम्ल तर रोहूच्या पोटात नाहीच. कार्पला मोनोकॅल्शियम फॉस्फेट सहज उपयोगी पडते, डायकॅल्शियम अर्धवट आणि ट्रायकॅल्शियम जवळजवळ नाही. फायटिक आम्लातून स्फुरद सोडवणारे बाजारातील फायटेज विकरही आम्लधर्मी वातावरणात जोमाने काम करते, म्हणून जठर असलेल्या पंगॅसियस किंवा तिलापिया माशांत त्याचा जितका उपयोग होतो, तितका कार्पमध्ये सरसकट धरता येत नाही. खाद्यात थोडे सायट्रिक आम्ल घालतात, ते याचसाठी. न वापरलेले स्फुरद विष्ठेतून पाण्यात उतरते, जिवाणू ते मोकळे करतात आणि त्यावर शेवाळ पोसते. हिरवे पाणी आणि पहाटेचा तो आकडा यांचा उगम येथे होता.

"गावतळ्यात तर हेच टाकतात"

हा नानांचा आक्षेप होता आणि तो रास्त होता. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात, ही भारतातील कार्पपालनाची जुनी पद्धत आहे. अनेक गावतळ्यांत आणि पाझर तलावांत पेंडीवरच मासे किलोभराचे होतात. फरक तळाच्या मातीचा आहे. मातीच्या तळ्यात पेंडीचा बराच भाग माशाच्या पोटात न जाता पाण्याचे खत होतो. त्यावर प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतात, चिखलात अळ्या आणि कृमी वाढतात आणि मासा ते खातो. पेंडीत जे लायसिन, जे स्फुरद, जी जीवनसत्त्वे कमी असतात, ती या जिवंत अन्नातून भरून निघतात. शिवाय जास्तीचे स्फुरद चिखल धरून ठेवतो, त्यामुळे पाणी चटकन बिघडत नाही. अस्तराच्या शेततळ्यात चिखलच नाही. तेथला मृगळ तळ चाचपडतो आणि त्याला प्लास्टिक लागते. गावतळ्यातला अनुभव उचलून शेततळ्यात आणला की पेंड तीच राहते, पण तिच्या उणिवा झाकणारे तळे मागे राहते. खान्देशात शेततळी झपाट्याने वाढली आणि त्यांबरोबर मत्स्यपालनही आले. पण पाणी साठवण्यासाठी घातलेल्या अस्तराने माशाचा अर्धा स्वयंपाक बंद केला आहे, ही गोष्ट सल्ला देणाऱ्यांपैकीही थोडेच जण सांगतात, आणि त्या थोड्यांत मी आरंभी नव्हतो.

बदल, आणि एक फसलेला घाणा

नोव्हेंबरच्या आरंभी सरकीची पेंड पूर्ण थांबवली. नवे मिश्रण असे ठरले : सोयाची डीओसी (तेल काढलेली पेंड) २२ भाग, घरचे सोयाबीन २० भाग, भाताचा कोंडा २८, मका २०, शेंगदाण्याची पेंड १० भाग आणि त्यावर थोडे मोनोकॅल्शियम फॉस्फेट व इतर खनिजे. प्रथिने २७ टक्क्यांच्या आसपास आणि लायसिन प्रथिनांच्या साडेपाच टक्क्यांच्या जवळ गेले. शेंगदाण्याची पेंड घेताना ती फोडून, हुंगून घ्यावी लागली, कारण दमट कोठारातल्या पेंडीवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते आणि ते यकृतावर घाला घालते. यकृत आधीच फिकट असताना हा धोका पत्करण्यात अर्थ नव्हता.

घरचे सोयाबीन "भाजून घ्या" असे मी सांगितले आणि ती माझी चूक झाली. नानांच्या माणसांनी ते लोखंडी कढईत चुलीवर भाजले. दाणे बाहेरून तपकिरी झाले, काही करपले. घाणा पुरता भाजला गेला असे सर्वांनाच वाटले. खात्रीसाठी त्याचे चमचाभर पीठ, चिमूटभर युरिया आणि कोमट पाणी एका झाकणाच्या बाटलीत घालून हलवले आणि हळदीने रंगवलेला ओला कागद झाकणाखाली अडकवला. कच्च्या सोयाबीनमध्ये युरियेज नावाचे विकर असते, ते युरियातून अमोनिया सोडवते. ते शाबूत असेल, तर उष्णतेने नष्ट होणारा ट्रिप्सिनरोधकही शाबूत असण्याचा संभव मोठा. अर्ध्या तासात कागद कुंकवासारखा लाल झाला आणि झाकण काढताच नाकात झोंबले. म्हणजे आतून दाणा कच्चा होता आणि बाहेरून इतका जळला होता, की त्या थरातले लायसिन साखरेशी जोडले जाऊन वाया गेले. कच्चेपणाचे आणि करपण्याचे असे दोन्ही तोटे एकाच घाण्यात मिळाले. पुढच्या वेळी दाणे रात्रभर भिजवले, मोठ्या पातेल्यात पाऊण तास उकळले, उन्हात वाळवले आणि मग दळले. त्याच्या बाटलीतला कागद बारा तासांनीही पिवळाच राहिला.

मका शिजवून त्याचा घाटा केला आणि त्यातच बाकीचे पीठ मळले, त्यामुळे स्टार्च पचायला सोपा झाला आणि बांधणीही मिळाली. पहिल्या दिवशी कुरडईचा सोऱ्या वापरला. रोज अडीच किलो खाद्य त्यातून दाबायचे म्हटल्यावर घरातून साहजिकच विरोध झाला आणि दुसऱ्या दिवशी हाताने फिरवायचे शेवयांचे यंत्र आले. वाळलेल्या शेवया अर्धा तास पाण्यात टिकत होत्या आणि चाळणीवर त्यांतले काही उरत नव्हते.

आठवडाभरात टबातील विष्ठा मऊ झाली आणि धुतल्यावर फडक्यावर जवळजवळ काही राहिले नाही. चोवीस दिवसांनी सरासरी वजन १४५ ग्रॅम भरले. या काळात दिवसाला अडीच किलोप्रमाणे ६० किलो खाद्य गेले, म्हणजे किलोभर वाढीस पावणेतीन किलो. तरंगत्या खाद्याची बरोबरी यात झाली नाही आणि व्हावी अशी अपेक्षाही नव्हती, कारण पाणी हळूहळू थंड होऊ लागले होते. पहाटेचा प्राणवायू मात्र सावकाश सुधारला. अस्तरावरचा गाळ उपसून एक तृतीयांश पाणी केळीच्या बागेला सोडल्यानंतरच तो ४ च्या वर गेला.

या प्रकरणात एक उणीव राहून गेली. सरकी, कच्चा सोया, स्फुरद आणि खाद्याचे रूप, या चार गोष्टी आम्ही एकदम बदलल्या. त्यामुळे वाढीतला किती वाटा कोणाचा, हे या तळ्यावरून सांगता येत नाही. तळ्यातच एक हापा (जाळीचा पिंजरा) लावून त्यात वीस-तीस मासे शिजवलेला सोया, पण जुनीच पेंड, अशा मिश्रणावर ठेवता आले असते. शेतकऱ्याचे पैसे पाण्यात जात असताना प्रयोगाची शिस्त मागे पडते, आणि तशी ती पडली. माझा कल कच्च्या सोयाकडे बोट दाखवण्याचा आहे. पण सालमन माशांत पुरेशा उष्णतेने प्रक्रिया केलेल्या सोयापेंडीनेही आतड्याच्या मागच्या भागाला दाह होतो, आणि सायप्रिनसमध्ये २० टक्के सोयापेंडीवर असा दाह पहिल्या आठवड्यांत दिसून पुढे ओसरू लागल्याचे आढळले आहे. तेव्हा शिजवले की सोया निर्धोक झाला, असेही मी म्हणणार नाही.

सरकीवरची बंदी कायमची नव्हती. फेब्रुवारीत पाणी तापू लागल्यावर टरफल काढलेली पेंड मिळाली, तर ती दहा भागांपर्यंत, आणि मोकळ्या गॉसिपॉलला बांधण्यासाठी मोजून हिराकस (फेरस सल्फेट) घालून द्यावी, असे ठरले. केळीच्या पानांचे पीठ करून पाहू का, असेही नानांनी विचारले, कारण बागेत पानांना तोटा नाही. रोहूसाठी ते पुन्हा तंतूचेच ओझे होईल. त्यापेक्षा तळ्यात थोडे गवत्या (ग्रास कार्प) मासे सोडून त्यांना पाने कापून टाकावीत, आणि तीही त्यांनी मागितली तेवढीच, कारण उरलेले पान अस्तरावर कुजते. डिसेंबरात पाणी २० अंशांखाली गेल्यावर खाद्य दोन दिवसांआड केले आणि वजनांची नोंद तेथे थांबली. जुन्या मिश्रणाच्या उरलेल्या पाच गोण्या गोठ्यात गेल्या आणि म्हशींनी त्या विनातक्रार संपवल्या.